एक्कावन्न वर्षांचा तोपिल

अरिस्तेओला गावाने तोपिल नेमलं त्या दिवशी सभेत एवढा हशा पिकला की मला दोनदा टेबल आपटावं लागलं.

तोपिल ही आमच्या गावकीची सगळ्यात खालची पायरी. हातात काठी घ्यायची, चौक झाडायचा, घंटा वाजवायची, घरोघरी फिरून सभेचं बोलावणं करायचं, पिऊन पडलेल्याला उचलून त्याच्या बायकोच्या स्वाधीन करायचं. वर्षभर, बिनपगारी. आमच्या याबेची गावातली पोरं सतराव्या-अठराव्या वर्षी यातून जातात आणि मग एकेक पायरी वर चढतात. मीही तशीच चढले. गावात बायकांच्या हाती काठी द्यायला सुरुवात झाली ती माझ्यापासून, आणि सरपंच झालेली पहिली बाईही मीच. हे मी मिरवायला सांगत नाही. बरं, थोडं मिरवायलाही सांगते.

अरिस्तेओ मात्र एक्कावन्न वर्षांचा, माझ्याच वयाचा. उत्तरेला सीमेपलीकडे लॉस एंजेलिसमध्ये आमच्या गावची चारशे माणसं राहतात, त्यांच्या मंडळाचा तो बारा वर्षं अध्यक्ष. महापौरांच्या शेजारी उभा राहून फोटो काढणारा माणूस. कुणाचा मालक पगार देत नाही, कुणाला घरातून काढलंय, कुणी मेलंय आणि त्याला गावी पाठवायचंय, सगळे आधी अरिस्तेओचं दार गाठतात. कोर्टात आमची झापोतेक भाषा बोलणारा कुणी उभा राहिला की दुभाष्या म्हणून यालाच बोलावतात. शाळेत झापोतेक बोललं की मास्तर आम्हाला भर उन्हात उभं करायचे. तो आणि मी सहा वर्षांत जे काही शिकलो ते बहुतेक तिथेच, शेजारी शेजारी उभं राहून शिकलो. मग सतराव्या वर्षी, काठीची पाळी यायला तीन महिने असताना, हा पठ्ठ्या उत्तरेला निघून गेला. मलासुद्धा सांगितलं नाही. तो राग मी चौतीस वर्षं नीट सांभाळून ठेवला होता.

त्याचं नाव काढलं माक्लोव्हिओकाकांनी. काका ऐंशीचे, गावकीच्या सगळ्या पायऱ्या चढून निवांत झालेले. म्हणाले, "सगळ्यांची पाळी झाली. त्या साहेबाची तेवढी राहिलीय."

पूर्वी परदेशातली माणसं आपल्याऐवजी गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन उभं करत. तीन वर्षांपूर्वी सभेने ते बंद केलं. पैसे येत होते, पण उभं करायला माणूस राहिला नव्हता. साठ-साठ वर्षांचे म्हातारे तिसऱ्यांदा तोपिल होऊन काठीच्या आधाराने चौक झाडत होते. म्हणून नवा नियम झाला. ज्याचं नाव निघेल त्याने स्वतः यायचं. नाही आला तर गावाच्या वहीतून नाव कमी. मग गावात त्याला ना जमीन, ना घर, ना मेल्यावर पुरायला जागा.

"तो कसला येतोय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आणते मी त्याला," मी म्हणाले. सरपंचाच्या तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि मला घ्यायचाही नव्हता.

ऑक्टोबरमध्ये तिकडची आपली माणसं ग्रामदेवतेचा उत्सव करतात आणि गावचा बँड बोलावून घेतात. बँडबरोबर सरपंचाचंही नाव व्हिसाच्या यादीत असतं. तेवीस वाजंत्री, एक सरपंच आणि पिशवीत नेमणुकीचं पत्र, असे आम्ही निघालो.

तो मला बास्केटबॉलच्या मैदानावर भेटला. आमची डोंगरातली माणसं कुठेही गेली तरी आधी बास्केट टांगतात, देऊळ मागाहून बांधतात. रविवार होता, एका बागेत सामने चालले होते, कडेला बायका शेगड्यांवर त्लायुदा, म्हणजे आमच्या मक्याच्या मोठ्या भाकऱ्या, भाजत होत्या, आणि मैदानाच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून, तोंडात शिट्टी धरून अरिस्तेओ पळत होता. पळत होता म्हणजे पोट पुढे आणि तो मागे.

मला बघून त्याने सामना थांबवला. दोन्ही संघ बघत राहिले.

"देल्फिना! अगं, केवढीशी झालीस तू!"

"मी आहे तेवढीच आहे. तू दोन माणसांचा झालायस."

"जीभ तीच आहे गं तुझी."

"आणि तुझी शिट्टी चुकीची होती मघाशी. पोराचा पाय रेषेच्या आत होता."

"चौतीस वर्षांनी भेटलीस आणि पहिली तक्रार ही?"

"दुसरीपण आणलीय. आधी खायला घाल."

त्याने मला अशी मिठी मारली की शिट्टी माझ्या गळ्यात रुतली. मला फार बरं वाटलं. सांभाळून ठेवलेला राग कुठे गेला कळलंच नाही, आणि तो शोधावा असंही वाटलं नाही.

खायला बसलो, पण त्याला खाऊ देत कोण होतं! एकजण घरमालकाचं पत्र घेऊन आला. एका बाईला पोराच्या शाळेत काय बोलायचं ते हवं होतं. एकाचा भाऊ तुरुंगात होता. अरिस्तेओ एका हातात त्लायुदा धरून, उभ्या उभ्या, कुणाला दम देत, कुणाला फोन लावून देत पाच जणांना वाटेला लावत होता. मी सरपंच आहे, माणसं कशी हाताळतात ते मला कळतं. हा माझ्याहून बरा होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि थोडी जळजळही झाली.

आमच्यात नेमणुकीचं पत्र नुसतं देत नाहीत. सोबत मेस्काल दारूची बाटली ठेवायची. समोरच्याने एक घोट घेतला की नेमणूक मान्य. मी टेबलावर दोन्ही ठेवलं. त्याने पत्र वाचलं आणि खो खो हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू थांबलं.

"हे खरंय?"

"शिक्का दिसत नाही का?"

आजूबाजूला माणसं जमली. "तोपिल? आपले अध्यक्ष झाडू मारणार?" "त्या म्हाताऱ्यांना दुसरा धंदा नाही!" "बाई, चेष्टा करताय होय?" मी सगळ्यांना बोलू दिलं. बोलून झाल्याशिवाय माणसं ऐकत नाहीत.

"देल्फि," अरिस्तेओ म्हणाला, "गावाला ॲम्ब्युलन्स देतो. कोरी. मंडळातर्फे."

"आणि ती चालवायला माणूस?"

मग त्याने मागे वळून हाक मारली, "एउलोहिओ, इकडे ये."

चाळिशीचा, किडकिडीत, हात पाण्याने पांढरे पडलेला माणूस पुढे आला. हॉटेलात भांडी घासतो, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या आईला मी रोज बघते.

"हा एउलोहिओ. गावाच्या यादीत माझ्यानंतर याचं नाव आहे," अरिस्तेओ म्हणाला. "माझ्याकडे इथे राहायचे कागद आहेत. मी उद्या विमानात बसेन, पुढच्या वर्षी परत येईन. याच्याकडे नाहीत. हा गेला तर गेलाच, परत यायची वाट बंद. बायको इथे, तीन पोरं इथे. म्हणजे हा जाणार नाही, आणि तुम्ही त्याचं नाव खोडणार. त्याच्यामागे अजून अठरा जण आहेत असेच. झाडूची मला लाज नाही गं. पण मी हा घोट घेतला तर सभा काय म्हणेल? बघा, खुद्द अध्यक्ष आला, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय? माझ्या एका घोटात या एकोणीस जणांची नावं जातील."

खरं सांगायचं तर मला राग आला. त्याचा नव्हे. तो बरोबर बोलत होता आणि सभेत आमच्यापैकी कुणीही, मी धरून, हा विचार केला नव्हता, म्हणून आला.

"मग हे सभेला का नाही सांगितलंस?"

"नाही सांगितलं?" त्याचा आवाज चढला. "तीन वर्षांत चार पत्रं लिहिली! मंडळाच्या कागदावर, शिक्का मारून. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांची सेवा इथेच धरा. इथे आपलं माणूस मेलं तर त्याला गावी पाठवणं, दवाखान्यात, कोर्टात सोबत जाणं, हे गावाचंच काम आहे ना? वकिलाकडून तपासून घेऊन लिहिलं होतं. एकाचंही उत्तर नाही!"

तेव्हा कुठे मला ती चारही पत्रं आठवली. शेवटची दोन तर माझ्याच काळात आली होती. सचिवाने वाचली, घडी घातली, कपाटात ठेवली. मीही काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नाही असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. गावात वाढलेल्या कुणालाही याचं कारण विचारायची गरज पडत नाही. पण हा सतराव्या वर्षीच गेला होता.

"अरिस्तेओ," मी म्हणाले, "काठी धरल्याशिवाय सभेत तोंड उघडता येत नाही. विसरलास?"

"मी चारशे माणसांचा अध्यक्ष आहे."

"इथे आहेस."

"मी महापौरांसमोर बोलतो, जजसमोर बोलतो—"

"बोल की. पण याबेचीत तू अजून सतरा वर्षांचा आहेस. तुझं पत्र आलं की माक्लोव्हिओकाकांना दिसतं ते एक पोरगं, चौक न झाडता पळालेलं. शिक्का कितीही मोठा मार. आधी झाड, मग बोल."

मैदानावरसुद्धा कुणी चेंडू आपटत नव्हतं. इतक्या लोकांत मी त्याचं पाणी उतरवलं होतं, त्यांच्याच अध्यक्षाचं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. त्याचे कान लाल झाले. शाळेत उन्हात उभं केलं की असेच व्हायचे.

"आणि वर्षभर झाडून सभेने नाही म्हटलं तर?"

"तर नाही. मी तुला बोलायला उभं करू शकते, लोकांचे हात वर करायला लावू शकत नाही."

"फार मोठं आश्वासन देतेस."

"खोटं देऊ का? देता येतं मला."

तेव्हा एउलोहिओ बोलला. तोवर तो खाली मान घालून उभा होता. "अध्यक्ष, तुम्ही जा. तुम्ही नाही गेलात तर नाव आज नाही तर उद्या जाणारच आहे. माझी आई रोज त्या चौकातून जाते. तिला निदान झाडलेला मिळेल."

अरिस्तेओने बाटली उघडली आणि घोट घेतला. मोठा घेतला.

एक जानेवारीला सकाळी सहा वाजता तो चौकात हजर होता. सगळं गाव थंडीत बघायला जमलं होतं. असला तमाशा चुकवतंय कोण! पहिल्या दिवशी त्याने वाऱ्याच्या उलट्या दिशेने झाडलं आणि सगळा कचरा देवळात नेला. दुसऱ्या दिवशी घंटा अशी वाजवली की लोकांना वाटलं कुणीतरी गेलं. माक्लोव्हिओकाकांनी तर सूडच उगवला. एका बकरीच्या भांडणासाठी त्याला वरच्या वस्तीवर तीनदा पाठवलं, तिसऱ्यांदा तर बकरीचा रंग विचारायला. तो गेला. परत येऊन म्हणाला, "काळी आहे काका, मागचा उजवा पाय पांढरा." काकांनी त्यानंतर त्याला रंग विचारायला पाठवलं नाही.

फोनची रेंज आमच्याकडे फक्त घंटाघराच्या भिंतीपाशी येते. दुपारी तो तिथे एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभा असायचा, लॉस एंजेलिसची भांडणं सोडवत. मंडळाचं काम उपाध्यक्ष बघत होता, पण लोकांना फोनवर हाच लागायचा. जूनपर्यंत त्याचं सुटलेलं पोट उतरलं. ऑगस्टमध्ये दरड कोसळली तेव्हा दोन दिवस तो चिखलात उभा होता, आणि लोक त्याला साहेब म्हणायचे ते आपोआप थांबले. ओल्या विटांवर बसून आम्ही दोघांनी एकाच पानात गुंडाळलेलं मक्याच्या पिठाचं तमाल खाल्लं.

"सांगून का नाही गेलास तेव्हा?" मी विचारलं.

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

तेवढ्यावर आमचं ते मिटलं.

नोव्हेंबरच्या सभेत मी त्याचं नाव पुकारलं. मागच्या बाकावरून तो उठला, हातात काठी, खिशात कागद. अकरा पानं लिहून आणली होती, मला आदल्या दिवशी दाखवली होती. त्याने ती काढलीच नाहीत.

"मला सभेचं बोलावणं करायला दोनशे तीन घरांची यादी दिली होती," तो म्हणाला. "यादीतल्या प्रत्येक दारावर काठी वाजवायची, नाव घ्यायचं, थांबायचं, असा नियम आहे. सत्याहत्तर घरांत कोणी नाही. कुलूप आहे. मला ठाऊक होतं. तरी वाजवली, नाव घेतलं, थांबलो, कारण नाव यादीत होतं. त्यांतली एकोणीस माणसं इच्छा असली तरी येऊ शकत नाहीत. त्यांना तिकडे काम द्या, ती करतील. नाही तर नावं खोडा. पुढच्या तोपिलला एकोणीस दारं कमी वाजवावी लागतील, एवढाच गावाचा फायदा आहे."

तो खाली बसला.

माक्लोव्हिओकाका उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, आणि तो ते पुरेपूर घेतात.

"बोलतोस बरा," ते म्हणाले. "पण तिकडे ते खरंच काम करतात की नुसतं सांगतात, हे कोण बघणार? तू? तू अध्यक्ष. अध्यक्ष खुर्चीत बसतो. पहाटे दार वाजवून माणसाला अंथरुणातून काढायला तोपिल लागतो. तू तिकडे तोपिल होत असशील तर माझा हात वर. आणि काठी आणि खुर्ची एका माणसाला मिळत नाही, हे आता तुला कुणी शिकवायला नको."

म्हाताऱ्याने कुठे बोट ठेवलं ते सगळ्यांना कळलं. ती खुर्ची अरिस्तेओने बारा वर्षांत एकट्याने उभी केली होती, आणि जानेवारीत तो तिच्यावर परत बसणार होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खूप काही बोलू शकले असते, पण हे त्याचं होतं, म्हणून मी समोरची वही बघत बसले. गाव करी ते राव काय करी म्हणतात, पण रावालाही आधी हो म्हणावं लागतं.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"एक. मग बघू."

"काका, तुमचं 'मग बघू' मला माहितीये," तो म्हणाला, आणि सभा हसली. मग तो पुन्हा उभा राहिला. "बरं. होतो तोपिल."

हात मोजले. त्रेसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न. मी दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा माझे डोळे भरून आले होते आणि सरपंचाने डोळे भरलेले असताना मोजू नये.

तो तिथूनच सरळ घंटाघराच्या भिंतीपाशी गेला. मी मागोमाग गेले. त्याने फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे नळ वाहत होता, ताटं एकमेकांवर पडत होती.

"एउलोहिओ, नाव राहिलं रे. सगळ्यांची राहिली."

नळ बंद झाला. ताटांचा आवाजही थांबला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष," एउलोहिओ म्हणाला, "अध्यक्ष, तुम्हीच बोलताय ना?"

"नाही," अरिस्तेओ म्हणाला. "तोपिल बोलतोय. एक तारखेला पहाटे सहाला तुझ्या दारात येतो. उठलेला दिसला पाहिजेस."